सोळा आण्यांत हरवलेला भाऊ

पणजोबा दोघे भाऊ, असं आमच्याकडे सगळेच सांगतात. थोरल्याचं घर वरच्या आळीला, धाकट्याचं, म्हणजे आमचं, खालच्या. जत्रेत पालखीचा मान एक वर्ष त्यांच्याकडे, एक वर्ष आमच्याकडे. दोन घरं, दोन चुली, मधे एक बांध. मग तहसील कचेरीतून जुन्या हक्कनोंदीची एक नक्कल हातात आली आणि पणजोबांच्या नावापुढे हिस्सा लिहिलेला दिसला: ५ आणे ४ पै.

घरात कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. आणे-पै आता येतात कुणाला? मी मात्र कागदावर मांडून पाहिलं. रुपयाचे आणे १६, आण्याच्या पै १२. म्हणजे अख्ख्या जमिनीच्या १९२ पै. भाऊ दोन असते तर प्रत्येकाला आठ आणे यायला हवे होते. ५ आणे ४ पै म्हणजे ६४ पै, १९२ चा बरोबर तिसरा हिस्सा. भाऊ तीन होते. तिसऱ्याचं नाव आमच्या घरात कधी कुणी काढलं नव्हतं.

त्याला शोधता शोधता तालुक्याच्या दप्तराची चांगलीच ओळख झाली. ती ज्यांना करून घ्यायची आहे त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. २०२३ मध्ये कुणबी नोंदींसाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, तेव्हापासून ‘कोतवाल बुक’, ‘पाहणीपत्रक’, ‘क-पत्रक’ हे शब्द चहाच्या टपरीवरही ऐकू यायला लागले. पण बहुतेकांनी ते दाखल्यासाठी उघडले, हवी ती ओळ मिळाली की मिटले. त्याच पानांत आपली माणसंही बसलेली असतात.

आधी एक गैरसमज दूर करू. अमेरिकेतल्या लोकांचे पूर्वजशोध इंटरनेटवर पाहून आपल्यालाही वाटतं की नाव टाकलं की वंशवृक्ष समोर उभा राहील. तिथे काउंटीच्या कचेरीत लग्नाची, जमिनीची, मृत्युपत्रांची बुकं सांभाळलेली असतात, आणि जनगणनेचे घरोघरचे तक्ते ७२ वर्षांनी सर्वांना खुले होतात. १९५० चे तक्ते २०२२ मध्ये खुले झाले. आपल्याकडे जनगणनेत दिलेली माहिती १९४८ च्या कायद्याने गोपनीय आहे. तेव्हा तो रस्ता बंद. काउंटीची जागा आपल्याकडे तालुका घेतो. पण तालुक्याचं दप्तर माणसांची आठवण ठेवायला उभं राहिलं नाही, शेतसारा वसूल करायला उभं राहिलं. कोण दिसेल आणि कोण दिसणार नाही, हे सगळं त्यावरच ठरतं.

थोरल्याचं नाव, बाकीचे बाहेर

पेशवाई बुडाल्यावर इंग्रजांनी पुणे भागात पहिली मोजणी केली ती फसली. सारा इतका चढा लागला की लोक जमिनी टाकून जाऊ लागले. मग १८३० च्या दशकात गोल्डस्मिड आणि विंगेट या दोघा अधिकाऱ्यांनी इंदापूर तालुक्यापासून नव्याने सुरुवात केली. शेत मोजायचं, त्याला नंबर द्यायचा, मातीची प्रत बघून सारा ठरवायचा आणि तो तीस वर्षं बदलायचा नाही. १८४७ मध्ये या पद्धतीचे नियम पक्के झाले आणि ती मुंबई इलाखाभर गेली. आपण आजही ‘सर्व्हे नंबर’ म्हणतो तो तिथला.

त्या काळच्या शेतवार पत्रकांत आणि खातेवहीत दिसतो तो खातेदार, म्हणजे सरकारला सारा देणारा माणूस. घरात चार भाऊ असले तरी सरकारला मतलब एकाशी. थोरल्याचं नाव लागलं की काम झालं, उरलेले तिघे कागदाबाहेर. हे बदललं १९०३ च्या हक्कनोंदीच्या कायद्याने. जमीन कुणाकुणाची, किती हिश्श्याने, गहाण कुणाकडे, कसतो कोण, हे गावोगाव लिहायला सुरुवात झाली आणि त्यातला प्रत्येक बदल फेरफार नोंदवहीत चढू लागला. म्हणून पूर्वीच्या मुंबई इलाख्यातल्या घरांना साधारण विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत भाऊ, चुलते, विधवा नावानिशी सापडतात. त्याच्या मागे गेलं की उरतो एकेकटा खातेदार.

नाव नको, नंबर धरा

शोधाला बसलेला माणूस आडनाव घेऊन जातो आणि पहिल्याच दिवशी हिरमुसून परत येतो. कारण जुन्या कागदात आडनाव असेलच असं नाही. ‘राणू बिन तुका’ एवढंच असतं. ‘बिन’ म्हणजे मुलगा, ‘वलद’ म्हणजेही तेच, ‘कोम’ किंवा ‘भ्रतार’ आलं की पुढे नवऱ्याचं नाव. पाटील, देशमुख, कुलकर्णी ही कामांची नावं एका पिढीला लागतात, पुढच्या पिढीला गळतात. गावात राणूही चार आणि तुकाही चार. जमीन मात्र जागची हलत नाही. तेव्हा जमिनीचा नंबर धरून मागे जायचं.

सुरुवात आजच्या सातबाऱ्यापासून करा. गाव नमुना ७ म्हणजे हक्क, १२ म्हणजे पिकं, दोन्ही मिळून सातबारा. घराण्याच्या नावावर एकूण काय काय आहे ते आठ-अ च्या उताऱ्यात एकत्र दिसतं. आता सातबाऱ्यावर नावांच्या आसपास वर्तुळात घातलेले आकडे बघा. ते फेरफार क्रमांक. हाताने लिहिलेल्या जुन्या सातबाऱ्यावर काही नावांना कंसही केलेला दिसेल. कंस म्हणजे हा माणूस आता या जमिनीत नाही: वारला, विकून गेला, वाटून वेगळा झाला. वकिलाच्या लेखी कंसातलं नाव मेलेलं. आपल्याला नेमकं तेच हवं. त्याच्या शेजारचा वर्तुळातला आकडा घ्या, त्या क्रमांकाचा फेरफार मागा. त्यात आधीच्या फेरफाराचा किंवा आधीच्या मालकाचा धागा असतो. तो घेऊन आणखी मागे.

मधे एक खड्डा आहे आणि तिथे बरेच जण अडकतात. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याखाली पुढच्या काही दशकांत गावोगाव एकत्रीकरण झालं आणि सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. आज तुमच्या हातातला गट ३१४ हा पूर्वी सर्व्हे ५६ चा हिस्सा ३ असू शकतो, किंवा दोन-तीन तुकड्यांचा मिळूनही असू शकतो. दोन्हींचा मेळ घालणारा कागद तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात मिळतो. तिथे जाऊन ‘नऊ-तीन, नऊ-चारचा उतारा हवा’ एवढंच सांगायचं. खिडकीतल्या माणसाला बरोबर कळतं, आणि आपल्याला काही माहिती आहे असा त्याचा ग्रहही होतो. तो मिळाला नाही तर ‘आकार’ बघा, म्हणजे साऱ्याची रक्कम. नंबर बदलले तरी रुपये-आणे पुष्कळदा तसेच पुढे आलेले असतात.

फेरफार कसा वाचायचा ते जरा जवळून पाहू. वारसाची नोंद साधारण अशी असते: खातेदार अमुक हा अमुक तारखेस मयत झाला, त्यास वारस मुलगा अमुक वय २२, मुलगा तमुक वय ९ अ.पा.क. आई अमुक, विधवा पत्नी अमुक. सबब वर्दीवरून नोंद केली. खाली अंमलदाराचा शेरा आणि सही. एवढ्या चार ओळींत काय काय आलं बघा. मृत्यूची तारीख आली. वयांवरून मुलांची जन्मसालं आली. नऊ आणि बावीसमध्ये तेरा वर्षांचं अंतर आहे. मधली मुलं गेली असतील, मुली असतील किंवा दुसरी बायको असेल, आणि या तिन्ही शंका पुढे तपासायच्या. अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालनकर्ता: अज्ञान, म्हणजे वयात न आलेल्या, मुलाच्या वतीने आईचं नाव. आईऐवजी तिथे मामा किंवा चुलता दिसला तर आई आधीच गेलेली असण्याची शक्यता मोठी. ए.कु.मॅ. दिसलं तर ते एकत्र कुटुंब मॅनेजर: नाव एकाचं, मागे अख्खं कुटुंब.

दोन तारखांची गल्लत करू नका. माणूस गेला ती एक तारीख आणि नोंद झाली ती दुसरी. मधे कधी दोन महिने, कधी वीस वर्षं. कर्ज काढायचं झालं किंवा बांधावरून वाद झाला की मग वारस लावायची आठवण यायची.

आणि वाद. भाऊबंदकीने घरं बसतात, पण शोधणाऱ्याला तिच्यासारखी मदत कुणाची नाही. वारसाला कुणी हरकत घेतली की प्रकरण विवादग्रस्त नोंदवहीत जातं, दोन्ही बाजूंचे जबाब होतात, आणि जो तो आपला हक्क सांगायला मूळ पुरुषापासून वंशावळ सांगतो. वाटपाचा दावा दिवाणी कोर्टात गेला असेल तर आणखी चांगलं. त्यात वंशावळ मांडावीच लागते. जी घरं गुण्यागोविंदाने नांदली त्यांचं दप्तर फार पातळ असतं.

आण्यांची भाषा

हिस्सा आण्यांत लिहिलेला असतो तिथे थोडं गणित करायचं. ८ आणे म्हणजे निम्मा, दोन वाटेकरी. ५ आणे ४ पै म्हणजे तीन. ४ आणे म्हणजे चार. १ आणा ४ पै दिसले तर त्या १६ पै. त्या ६४ च्या पाव. म्हणजे आजोबांच्या पिढीत तीन भाऊ आणि त्यातल्या एकाची चार मुलं. किंवा सरळ बारा वाटेकरी, पण तसं क्वचित. सगळ्यांचे आणे मिळून १६ होत नसतील तर कुणीतरी वाटेकरी पानावरून निसटलाय.

मात्र क्षेत्राच्या रकान्यातले आणे वेगळे. तिथे ४० गुंठ्यांचा एकर आणि १६ आण्यांचा गुंठा. ‘२ एकर ११ गुंठे ८ आणे’ यातल्या आठ आण्यांचा भावांशी काही संबंध नाही, तो अर्धा गुंठा आहे. मी एकदा या आठ आण्यांवरून एक अख्खा चुलत भाऊ निर्माण केला होता आणि महिनाभर त्याला शोधत होते.

मोडी लिपीत आणे रेघांनी लिहितात. उभी रेघ एक म्हणजे चार आणे, दोन म्हणजे आठ, तीन म्हणजे बारा. सुटे आणे आडव्या रेघांनी. पाच आणे म्हणजे एक उभी आणि एक आडवी. नवखा माणूस दोन उभ्या रेघा पाहून पूर्णविराम समजतो आणि निम्मी जमीन पुसली जाते.

मोडीला घाबरू नका, पण तिला हलक्यातही घेऊ नका. १९१७ च्या सुमारास मुंबई सरकारने कारभारासाठी बालबोध, म्हणजे आपली देवनागरी, पुढे आणली, तरी गावच्या कागदांत मोडी पुढेही बरीच वर्षं चालली. आधी पानभर आडवी रेघ ओढायची आणि तिच्याखाली लेखणी फारशी न उचलता अक्षरं लटकवत जायची, अशी ती लिपी. शब्दांत मोकळी जागा नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. सुखाची गोष्ट अशी की सरकारी कागदाची भाषा ठरलेली असते. मौजे, बिन, मयत, वारस, खुद्द, सबब, आकार असे पंधरा-वीस शब्द आणि आकडे ओळखू आले की उरतात ती नावं. पुराभिलेख विभाग आणि पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ मोडीचे वर्ग भरवतात. पैसे देऊन लिप्यंतर करून घेणार असाल तरी एवढं शिकून घ्या, निदान आपला कागद उलटा धरलेला नाही हे कळेल.

सनावळीचंही तसंच. शक असेल तर ७८ मिळवा, फसली असेल तर ५९०, पेशवाईतल्या कागदात अरबी सन असेल तर ५९९ किंवा ६००. फसली १३२७ म्हणजे १९१७-१८.

बायका कुठे गेल्या?

या दप्तरातली सगळ्यात मोठी उणीव ही, आणि ती चुकून राहिलेली नाही. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याआधी मुलगा असताना मुलगी वारस होतच नव्हती, मग फेरफारात तिचं नाव यायचं कशाला? मागच्या पिढ्यांच्या वारसनोंदीत सहा मुलांचा बाप दोन मुलांचा दिसतो तो त्यामुळे. बाई दिसते ती तीन ठिकाणी. अज्ञान मुलाची आई म्हणून. निपुत्रिक नवऱ्याची विधवा म्हणून, तीही हयातीपुरती. ती गेली की जमीन परत नवऱ्याच्या भावकीकडे. आणि क्वचित, बापाला मुलगाच नसेल तर, मुलगी म्हणून.

१९५६ नंतर चित्र पालटतं आणि २००५ नंतर मुलगी जन्मानेच मुलाइतकी वाटेकरी ठरते. त्याचा घरोघरचा परिणाम म्हणजे हक्कसोडपत्र. भावांना जमीन मोकळी हवी असते, बहिणींना माहेर हवं असतं, आणि दुय्यम निबंधकाच्या कचेरीत दोन्हींचा सौदा होतो. गावच्या फेरफारात माझं स्वतःचं नाव पहिल्यांदा आलं ते ‘हक्क सोडला’ या शब्दांसह. त्याबद्दल मला जे वाटतं ते असो, पण शोधाच्या दृष्टीने हक्कसोडपत्रासारखा कागद नाही: बहिणींची माहेरची नावं, सासरची नावं, वय, राहण्याचं गाव, सगळं एका जागी. आत्यांच्या पिढीचा पत्ता मला तिथेच लागला.

जन्ममृत्यूच्या नोंदींत मात्र बायका आहेत. गाव नमुना १४, लोकांच्या तोंडी कोतवाल बुक. गावात पोर जन्मलं किंवा माणूस गेलं की कोतवालाने खबर द्यायची आणि ती पुस्तकात चढायची. १९६९ च्या कायद्यानंतर हे काम ग्रामपंचायतीकडे आलं; जुनी बुकं असली तर तहसीलच्या अभिलेख कक्षात असतात. ती उघडताना एक लक्षात ठेवा: जन्माच्या नोंदीत बाळाचं नाव बहुधा नसतं. बारशाच्या आधीच खबर गेलेली असते. ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’, आणि बापाचं नाव. तेव्हा आजीचं नाव शोधत बसलात तर सापडणार नाही, तिच्या बापाचं शोधा.

मृत्यूच्या पानांवर आजाराचा रकाना असतो. ताप, पटकी, देवी, बाळंतरोग. १८९६ नंतरच्या काही वर्षांत प्लेग वारंवार येतो. आणि १९१८ च्या पावसाळ्यानंतरची पानं हातात घ्याल तेव्हा जरा बसून घ्या. इन्फ्लुएंझाची साथ, जिला खेड्यांत मानमोडी म्हणत. एरवी ज्या गावाला महिन्याला अर्धं पान पुरायचं तिथे पानामागून पानं, एकाच हस्ताक्षरात, आणि वयं बघितली तर पंचवीस, तीस, बावीस.

शाळेच्या जनरल रजिस्टरचाही उपयोग होतो: नाव, बापाचं नाव, जात, कुठल्या गावचा, कुठल्या शाळेतून आला. फक्त जन्मतारखेवर विश्वास ठेवू नका. गावातल्या निम्म्या म्हाताऱ्यांचा वाढदिवस १ जूनला येतो, कारण मास्तरांनी जूनमध्ये नाव घालताना पोराच्या अंगापिंडावरून साल ठरवलं आणि तारीख एकच टाकली.

ज्यांना जमीनच नव्हती

इथवर सगळं जमीनवाल्यांचं झालं. भूमिहीन घराचं काय? कूळ असाल तर कुळाच्या नोंदी बघा. १९४८ च्या कूळकायद्याने १ एप्रिल १९५७ पासून कसणारा मालक ठरला, आणि त्याआधी नमुना १२ मध्ये कसणाऱ्याचं नाव मालकाहून वेगळं दिसत असेल तर तो तुमचा पणजा असू शकतो. गावकीचं काम करणाऱ्या घरांना वतनाचे कागद: १८७४ च्या वतन कायद्याखाली वतनदारांची नावं नोंदली जात, आणि वतन कुणाकडून कुणाकडे आलं हे दाखवताना वंशावळही येते. महार वतनाच्या जमिनींमुळे पुष्कळ दलित घरांचा माग असा लागतो. पुढे १९५० ते ६२ च्या दरम्यान कुलकर्णी, इतर गावकामगार आणि पाटील यांची वतनं एकामागून एक रद्द झाली, त्या वेळच्या निकालांतही नावं आहेत. ज्यांच्याकडे यातलं काहीच नाही, त्यांच्यासाठी जन्ममृत्यू, शाळा, तुरुंगाच्या आणि पोलीस ठाण्याच्या नोंदवह्या उरतात. पणजोबा कैद्यांच्या रजिस्टरात सापडले तर लाजू नका. तिथे उंची आणि अंगावरच्या खुणाही लिहिलेल्या असतात, ज्या सातबाऱ्यात जन्मात मिळणार नाहीत.

प्रांत बदलला की कागदही बदलतात. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाकडे, म्हणून उर्दू आणि फसली सन. तिथे पन्नाशीच्या दशकातलं खासरा पाहणीपत्रक हा सगळ्यात कामाचा पूल. नागपूरकडे १९५१ पर्यंत मालगुजारी. कोकणात खोती गावांची बोटखतं, म्हणजे कुळांच्या नोंदी. कोल्हापूर, सांगली, औंध, भोर, सावंतवाडी अशी संस्थानं १९४८-४९ मध्ये विलीन झाली, त्यांची दप्तरं वेगळी. कोल्हापूरला त्यासाठी स्वतंत्र पुराभिलेखागार आहे. गोव्यात १९१४ पासूनची पोर्तुगीज नागरी नोंदणी आणि कोमुनिदादींतल्या, म्हणजे गावाची सामाईक जमीन सांभाळणाऱ्या संस्थांतल्या, गावकारांच्या याद्या, सगळं पोर्तुगीजमध्ये. आणि जिल्हे फुटलेत हे विसरू नका: सिंधुदुर्ग आणि जालना १९८१ चे, लातूर १९८२ चा, पालघर २०१४ चा. नव्या जिल्ह्यात कागद नसेल तर जुन्यात विचारा.

खिडकीपुढे

आधी घरी बसून ‘आपले अभिलेख’ या सरकारी संकेतस्थळावर बघा. काही जिल्ह्यांचे जुने सातबारे आणि फेरफार तिथे स्कॅन करून ठेवलेत. नसतील तर तहसीलचा अभिलेख कक्ष. अर्ज साधा: गाव, सर्व्हे नंबर, हवा तो नमुना, अंदाजे साल, त्यावर कोर्ट फीचं तिकीट. ‘आमच्या घराण्याची माहिती मिळावी’ असा अर्ज कधीही करू नका. त्यावर ‘बोध होत नाही’ असा शेरा येतो, आणि खरं सांगायचं तर तो बरोबर असतो. सरकारी कागदांची अ, ब, क, ड अशी वर्गवारी असते. ‘अ’ कायमचे, ‘ब’ तीस वर्षं, ‘ड’ वर्षभरात रद्दी. फेरफाराचं पुस्तक टिकतं, त्यामागचे अर्ज-जबाब पुष्कळदा गेलेले असतात. गावातली माहिती तलाठ्याकडे. आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, पण हाक ‘भाऊसाहेब’ अशीच मारायची.

नक्कल मिळाली की तिथेच उभं राहून पानाच्या दोन्ही बाजू आहेत का बघा. मी बघितल्या नव्हत्या.

दप्तराबाहेरही माणसं आहेत. कोल्हापूर-सांगलीकडे हेळवी येतात, बैलाबरोबर, आणि घराण्याची नामावळ तोंडाने म्हणून दाखवतात. सुगीत धान्य घेऊन जातात. पंढरपूर, त्र्यंबकेश्वर, काशी, गया इथल्या तीर्थपुरोहितांच्या वह्यांत गावावार नावं असतात, खाली आपल्याच माणसाची सही किंवा अंगठा. तिथे फक्त मूळ गाव अचूक सांगता आलं पाहिजे. कुणी एकोणिसाव्या शतकात गिरमिटावर, म्हणजे मजुरीच्या करारावर, मॉरिशसला गेलं असेल तर मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत कामगारांची रजिस्टरं आहेत: जहाज, गाव, जात, उंची आणि एक नंबर, जो त्या माणसाला जन्मभर चिकटला.

आता आमचा तिसरा. नकलेच्या वेळी पानाची एकच बाजू झेरॉक्स झाली होती. तो मागच्या बाजूला होता, कंसात. कंसाशेजारच्या आकड्याचा फेरफार निघाला १९२० चा. मयत, निपुत्रिक, वारस विधवा पत्नी, वय २०. कोतवाल बुकात तो १९१८ च्या ऑक्टोबरात सापडला, वय २६, ताप. भाऊ वाटून वेगळे झालेले होते म्हणून त्याचा हिस्सा तिला मिळाला. १९३९ चा फेरफार सांगतो की ती गेली आणि ५ आणे ४ पै दोन्ही पुतण्यांत वाटून गेले. दोन घरं आठ-आठ आण्यांची झाली ती तेव्हा, आणि घरातली गोष्ट त्या दिवसापासून सुरू होते.

तिचं माहेर कुठलं ते कुठल्याच कागदात नाही. पण तीस सालच्या आसपासची पाहणीपत्रकाची काही पानं वाळवीतून वाचली आहेत. तिच्या तुकड्यात ज्वारी, मधे तुरीच्या ओळी, एका वर्षी करडई. कसणाऱ्याच्या रकान्यात दरसाल एकच शब्द आहे: खुद्द.